फूटर बदलला तरी एमजेएमएल टेम्प्लेट पुन्हा कंपाइल होत नाही

प्रश्न: ईमेल टेम्प्लेट एमजेएमएलमध्ये (ईमेलसाठीची मार्कअप भाषा) आहेत आणि गल्प या बिल्ड-साधनाच्या गल्प-एमजेएमएल प्लगइनने एचटीएमएलमध्ये कंपाइल होतात. हेडर आणि फूटर एमजे-इन्क्लूडने (दुसरी फाइल आत घेणारा टॅग) जोडले आहेत. फूटर बदलला की वॉच (फाइल बदलताच टास्क पुन्हा चालवणारी सोय) चालतो, पण आउटपुट जुनंच राहतं. वेळ वाचावा म्हणून मध्ये गल्प-चेंज्ड (न बदललेल्या फाइल गाळणारं प्लगइन) लावलं आहे. काय चुकतंय?

उत्तर १: घोळ गल्प-चेंज्डमुळे होतोय. ते मूळ टेम्प्लेट आणि तयार एचटीएमएल यांच्या बदलाची वेळ ताडून पाहतं. तुम्ही फूटर बदललात, टेम्प्लेटची वेळ तीच राहिली, म्हणून फाइल गाळली गेली. या टास्कमधून ते काढूनच टाका. वीस-तीस टेम्प्लेटना त्याची गरज नसते. फूटरसारखे तुकडे वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. वॉच दोन्ही फोल्डरवर हवा, पण टास्कचा सोर्स फक्त टेम्प्लेटचा, नाहीतर फूटरचीही स्वतंत्र एचटीएमएल फाइल बनेल.

उत्तर २: वरचं बरोबर. शिवाय प्लगइनला पहिला आर्ग्युमेंट म्हणून तुमच्या प्रोजेक्टमधलं एमजेएमएल इंजिन द्या. न दिल्यास प्लगइन स्वतःकडचं वापरतं आणि आवृत्त्या जुळतीलच असं नाही. व्हॅलिडेशन लेव्हल स्थानिक वॉचमध्ये ‘सॉफ्ट’ (चूक असली तरी पुढे जाणारी), सर्व्हरवरच्या बिल्डमध्ये ‘स्ट्रिक्ट’ (चुकीवर थांबणारी) ठेवा, म्हणजे चुकीचा टॅग असलेली मेल पुढे जाणारच नाही.

प्रश्नकर्ता: चेंज्ड काढल्यावर चाललं, आभार! आता सेक्शनभोवतीचा हँडलबार्सचा (टेम्प्लेटमध्ये डेटा भरणारी भाषा) लूप आउटपुटमध्ये दिसत नाही.

उत्तर २: लूपची सुरुवातीची आणि शेवटची ओळ वेगवेगळ्या एमजे-रॉमध्ये (मजकूर जसाच्या तसा ठेवणारा टॅग) घाला. दोन सेक्शनच्या मधला, टॅगबाहेरचा मोकळा मजकूर गळून जातो. लूप लांबला तर भरलेल्या मेलचा आकारही तपासा: सुमारे १०२ केबीपुढे जीमेल मेल कापतं.