'अदृश्य' की 'अंतर्धान'?

तापीकाठ: जळगावच्या भाच्यांसाठी 'बाल्डर्स गेट ३' हा व्हिडिओ गेम कसा खेळायचा ते मराठीत लिहून देतोय. त्यात 'हायडिंग' आणि 'इनव्हिजिबल' या दोन वेगळ्या अवस्था आहेत. पहिलीत शत्रूची नजर चुकवत सरकायचं. दुसरीत त्याच्या पुढ्यात उभं राहिलं तरी चालतं, पण वार केला किंवा मंत्र टाकला की दिसायला लागतो. मी 'दडलेला' आणि 'अदृश्य' लिहिलं. धुळ्याचे काका म्हणतात, 'अंतर्धान' लिही.

साक्रीकर: नको. कहाणीतला देव अंतर्धान पावला की तिथे उरतच नाही. हा तर तिथेच उभा आहे.

पांझरा: असं कसं? लक्ष्मण इंद्रजिताला सुनावतो की अंतर्धान होऊन लढलास, हा तस्करांचा मार्ग, वीरांचा नव्हे. वाल्मीकींनी तिथे 'अंतर्धान' हाच शब्द वापरलाय, आणि इंद्रजित रणातच होता. शिवाय खेळातही हे काम बहुतेक चोराकडेच असतं!

तापीकाठ: पण इंद्रजित बाण मारूनही दिसत नाही. म्हणजे त्याची 'ग्रेटर इनव्हिजिबिलिटी' झाली. तीही खेळात आहे; प्रत्येक कृतीनंतर टिकते की नाही त्याचा फासा पडतो. तिला काय म्हणू?

रात्रपाळी: 'ऑब्लिव्हियन' (२००६) या गेममध्ये याहून वेगळा 'कमेलियन' नावाचा लपण्याचा प्रभाव होता. तो टक्क्यांत मोजायचा, वार केला तरी जायचा नाही. शंभर टक्के जमवले की कुणालाच पत्ता लागत नसे. त्याच मालिकेतल्या 'स्कायरिम' (२०११) मध्ये तो काढून टाकला. माझं मत, मुलं 'इनव्हिजिबल'च म्हणतात, तेच देवनागरीत लिहा.

पांझरा: मग मराठीत लिहायचंच कशाला? भाच्यांना शब्द मिळायला हवेत.

रात्रपाळी: मिळावेत, पण खेळताना तोंडात येतील असे. 'अंतर्धान हो रे' असं कोण ओरडेल?

अमळनेरी: आमची आजी 'अलोप झाला' म्हणायची. तोंडात बसतो, मुलंही उचलतील.

साक्रीकर: 'लोप' म्हणजेच नाहीसं होणं. त्याला 'अ' लावला तर अर्थ उलटायला हवा.

अमळनेरी: व्याकरणात उलटत असेल. घरात कधी उलटला नाही.

पांझरा: हा 'अ' बहुधा 'अदृश्य'च्या वजनावर चिकटला असावा.

साक्रीकर: बहुधावर व्युत्पत्ती होत नाही.

अमळनेरी: आणि 'दडलेला' तरी का? आपल्याकडे अहिराणीत 'दपी बसना' म्हणतात. 'दपेल' लिहा, भाचे लगेच ओळखतील.

तापीकाठ: भाचे जळगाव शहरातले आहेत, अहिराणी त्यांना कळते, बोलत नाहीत. पण ते 'ग्रेटर'चं राहिलं.

अमळनेरी: शिरपूरकडे 'दपना' म्हणतात की दुसरं काही? तिकडचं कुणी आहे का इथे?