‘रिसेप्टर बाइंडिंग’साठी मराठीत काय लिहावे?

प्रश्न (वरुड तालुका, जि. अमरावती):
लिंबावरील खैऱ्या रोगाविषयी शेतकऱ्यांसाठी माहितीपत्रक तयार करीत आहे. झाड जिवाणूला कसे ओळखते आणि ती ओळख संगणकावर कशी तपासतात, हे त्यात एका परिच्छेदात सांगायचे आहे. मी ‘रोगप्रतिकारक ग्राहकांच्या बंधनाची संगणकीय नक्कल’ असे लिहिले आहे. जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर (अचलपूर):
ताई, ‘ग्राहक’ म्हटले की आपल्याकडे कृषी केंद्राचे बिल डोळ्यांपुढे येते आणि ‘नक्कल’ म्हटले की तलाठ्याकडची सातबाऱ्याची. रिसेप्टर म्हणजे जिवाणूचा तुकडा ओळखणारे पेशीवरील प्रथिन; त्यासाठी ‘ग्राही’ लिहावे. ‘बंधन’ या शब्दाला मात्र माझा अधिक गंभीर आक्षेप आहे. ग्राही आणि जिवाणूचा तुकडा यांना एकत्र ठेवणारे दुवे बहुधा दुबळे असतात, म्हणजे हायड्रोजन बंध, विरुद्ध विद्युतभारांचे आकर्षण वगैरे. त्यामुळे तुकडा जसा बसतो तसा सुटतोही, आणि तो किती घट्ट बसतो यालाच अभ्यासात महत्त्व असते. ‘बंधन’ शब्दात ही सुटका नाही. ‘पकड’ घेतल्यास ती घट्ट होते, सैल पडते, सुटते. क्रियापदे आपोआप मिळतात.

प्रतिसाद (यवतमाळ जिल्हा):
‘पकड’ मान्य आहे, परंतु त्यातून एकट्यानेच धरल्याचा भास होतो. मोहरीच्या कुळातील अरेबिडॉप्सिस या वनस्पतीत एफएलएस-२ हा ग्राही जिवाणूच्या शेपटीतील प्रथिनाचा २२ अमिनो आम्लांचा तुकडा ओळखतो. २०१३ मध्ये त्याची स्फटिकरचना, म्हणजे त्यातील अणूंची मांडणी, प्रसिद्ध झाली, तेव्हा असे दिसले की तुकडा ग्राहीवर बसल्यावर बीएके-१ हे दुसरे प्रथिन येऊन ग्राही आणि तुकडा या दोघांनाही भिडते. बचत गटाच्या स्लिपवर अध्यक्ष आणि सचिव अशा दोघींच्या सह्या लागतात, तसेच हे आहे. या दुसऱ्या प्रथिनाला काय म्हणावे?

उत्तर (अचलपूर):
भाऊ, ‘सहग्राही’ म्हणावे. आता सिम्युलेशनकडे, म्हणजे ताईंच्या ‘संगणकीय नक्कल’कडे, वळतो, कारण त्या एका शब्दाखाली दोन निराळी कामे दडलेली आहेत. डॉकिंगमध्ये तुकडा ग्राहीच्या खाचेत वेगवेगळ्या बाजूंनी ठेवून कोणती बैठक अधिक जुळते याला गुण दिले जातात. त्याला ‘बसवून पाहणे’ पुरेसे आहे. मॉलिक्युलर डायनॅमिक्समध्ये मात्र प्रत्येक अणूवरील बल मोजून न्यूटनच्या नियमानुसार त्याला पुढे सरकवतात, आणि एक पाऊल साधारणतः २ फेम्टोसेकंदांचे (फेम्टोसेकंद म्हणजे मायक्रोसेकंदाचा शंभर कोटीवा भाग) असल्यामुळे एका मायक्रोसेकंदाची (सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची) हालचाल पाहण्यासाठी ५० कोटी पावले टाकावी लागतात. त्याला मी ‘हालचाल चालवून पाहणे’ म्हणेन. ‘सदृशीकरण’ ग्रंथात शोभते; माहितीपत्रकात सरळ ‘सिम्युलेशन’ लिहिलेले बरे.

एक काळजी घ्यावी. पडद्यावर पकड घट्ट दिसली म्हणून शेतातले झाड रोगमुक्त राहील असे ठरत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत मोजमाप करावे लागते आणि प्रत्यक्ष झाडावर चाचणी घ्यावी लागते. ‘संगणकाने प्रतिकारक वाण शोधले’ अशी वाक्ये टाळावीत.

माझा मसुदा असा: ‘झाडात रक्तातून फिरणाऱ्या रक्षक पेशी नसतात, पेशींच्या पृष्ठभागावरील ग्राही जिवाणूचा तुकडा पकडतात आणि सहग्राही जोडला गेला की पेशीच्या आत इशारा जातो. ही पकड किती घट्ट असू शकेल, याचा अंदाज अभ्यासक संगणकावर सिम्युलेशन करून घेतात.’

प्रश्नकर्ती:
आभारी आहे. ‘पकड’ आणि ‘सहग्राही’ घेते. ‘इशारा’च्या जागी ‘संदेश’ लिहीन, कारण इशारा म्हटले की आमच्याकडे हवामान खात्याचाच आठवतो.