शब्दचर्चा : 'व्यत्यास' म्हणजे नेमकं काय?

पोरगी नववीत आहे, भूमितीत सशर्त विधानं चाललीयत. प्रश्न होता, 'जर चौकोन चौरस असेल तर त्याचे कर्ण समान असतात' याचा व्यत्यास लिहा. तिने लिहिलं 'जर चौकोन चौरस नसेल तर त्याचे कर्ण समान नसतात', मीही बघून बरोबर म्हटलं कारण व्यत्यास म्हणजे उलट एवढंच डोक्यात, आणि वहीवर लाल फुली. मग 'उलट' नाही तर काय?

—

'उलट'नेच घात केलाय. मराठीत सदरा उलटा घातला तेही उलट आणि 'हो'च्या उलट 'नाही' तेही उलट. व्यत्यासात 'नाही' घालायचंच नसतं, फक्त जागांची अदलाबदल. मूळ संस्कृत वि + अति + अस्, अस् म्हणजे फेकणे, म्हणजे इकडचं तिकडे टाकलं. विपर्यास, विन्यास, व्यस्त प्रमाणातलं व्यस्त (हल्ली हिंदीमुळे 'मी व्यस्त आहे' झालंय ते वेगळं दुखणं), सगळी त्याच धातूची पोरं. तर पूर्वांग ('जर'चा भाग) उत्तरांगाच्या ('तर'च्या भागाच्या) जागी टाका आणि उत्तरांग पूर्वांगाच्या : 'जर चौकोनाचे कर्ण समान असतील तर तो चौरस असतो'. आता हे खोटंय, आयत बघा की, पण व्यत्यास म्हणून लिहायचं हेच, खरा असलाच पाहिजे असं कुठाय? पायथागोरसचा व्यत्यास खरा आहे पण तोही फुकट मिळत नाही, युक्लिडने 'एलिमेंट्स'च्या पहिल्या पुस्तकात ४७वं प्रमेय म्हणून पायथागोरसचं सिद्ध केलं आणि व्यत्यासासाठी ४८वं वेगळं सिद्ध केलं.

—

आणि चार उदाहरणं जुळली म्हणून व्यत्यास खरा धरू नका. २चा घात घेऊन १ वजा केला आणि मूळ संख्या (१ आणि स्वतः सोडून कशानेच भाग न जाणारी) आली तर घातांकही मूळ असतो, हे खरं. उलटीकडून २, ३, ५, ७ घातांक घेतले तर ३, ७, ३१, १२७, सगळे मूळ, वाटतं जमलं, आणि ११ला २०४७ येतात, म्हणजे २३ × ८९. बोंबला.

—

थँक्यू. एक शंका, मी तिला म्हटलेलं 'दहा गणितं सोडवलीस तर आइस्क्रीम', तिने एकही न सोडवता आजीकडून मिळवलं. नियम मोडला ना?

—

नाही मोडला. तुम्ही 'तर' म्हणालात आणि मनात 'तरच' होतं, घरोघरी हेच. 'सोडवलीस तरच आइस्क्रीम' म्हणजे आइस्क्रीम मिळालं असेल तर गणितं सोडवलेली असणार, हा तुमच्या वाक्याचा व्यत्यासच झाला, नुसता एक 'च' लावून. तिच्या फुलीवाल्या वाक्याचंही तेच, 'नसेल तर नसतात' आणि व्यत्यास दोन्ही एकदम खरी नाहीतर एकदम खोटी ठरतात, त्यामुळे ती फार लांब गेली नव्हती, फक्त विचारलं ते लिहिलं नाही.

—

अवांतर : नुकसानचं 'नुस्कान' होतं ना, क आणि सची अदलाबदल, त्याला वर्णव्यत्यास म्हणतात. तिला हे आधी सांगा, भूमिती नंतर.