मदत हवी आहे: कोयनेच्या फॉल्टचं मॉडेल पहिल्याच स्टेपला बंद पडतंय

कराडचा_पोरगा: कोयनेजवळच्या डोणीचावाडा फॉल्टचं (खडकातली भेग, जिच्यावर खडक सरकतो) कॉम्प्युटर मॉडेल करतोय. मेश (खडकाचे छोटे तुकडे पाडणारी जाळी) झाली, रन दिला की सोल्व्हर, म्हणजे गणित सोडवणारा भाग, लगेच मान टाकतो. सोमवारी गाईडना दाखवायचंय, पटकन सांगा.

काळा_कातळ: सॉफ्टवेअर कुठलं? टूडी की थ्रीडी? फॉल्ट वर जमिनीपर्यंत येतो की आतच संपतो? पत्रिका न देता स्थळ विचारताय.

कराडचा_पोरगा: पायलिथ, फॉल्टच्या हालचालीचं गणित करणारं. मेश जीमेश नावाच्या सॉफ्टवेअरमधली. थ्रीडीच असणार ना.

फुकट_सल्ला: पायलिथ सोडा हो. मॅटलॅबवर चालणारं कूलॉम्ब घ्या. फॉल्ट सरकल्यावर जमीन किती हलते त्याची ओकाडाची १९८५ ची तयार सूत्रं, मेशची कटकटच नाही, चहा होईपर्यंत चित्र तयार.

काळा_कातळ: चित्र येईल, पण त्यात सगळा खडक एकसारखा धरतात. इथे वर बसाल्ट, खाली ग्रॅनाइट-नीस. रासाटीच्या बोअरमध्ये ९३३ मीटरला बसाल्ट संपला. तो थर कुठे घालणार? आणि मॅटलॅबचं लायसन तुम्ही देताय का?

निवृत्त_ओव्हरसियर: ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे आम्ही पाटणला होतो, भूकंपाने अंथरुणातून फेकले गेलो. धरण भरलं म्हणून झालं, त्याला कॉम्प्युटर कशाला?

काळा_कातळ: काका, धरणाने फॉल्ट तयार होत नाही. ताण आधीचाच असतो. पाणी भेगांतून खाली गेलं, छिद्रांतला दाब वाढला की फॉल्टची पकड सुटते. ती कधी नि कुठे सुटेल, त्यासाठीच मॉडेल.

हळद_सांगली: घर बांधणाऱ्यांनी आयएस १८९३, म्हणजे भूकंपासाठीचं भारतीय मानक, बघा. त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत कोयना झोन ४ मध्ये होती. प्लिंथला (जोत्याला) आणि लिंटलला (दार-खिडक्यांच्या वर) बँड, म्हणजे सलग पट्टा, टाकाच, मिस्त्री "काही होत नाही" म्हणेल, ऐकू नका.

कराडचा_पोरगा: घर कोण बांधतंय इथे?? फॉल्ट वर येत नाही, १ किमी खाली सुरू होतो. त्याच्या कडांचा वेगळा गट मेशमध्ये दिलाय.

काळा_कातळ: मग बसाल्ट-ग्रॅनाइटची सीमा बघा. दोन्ही थरांच्या व्हॉल्यूमना तिथलं पृष्ठ एकच आहे की वेगवेगळी दोन काढलीत?

कराडचा_पोरगा: दोन, एकावर एक. मॉडेलचा तळ फिक्स आहे, बाजूंना रोलर (आत-बाहेर नाही, खाली-वर सरकू शकतात).

काळा_कातळ: तिथेच गोम आहे. सीमेवर नोड (जाळीचे बिंदू) दुहेरी झालेत, वरचा बसाल्ट खालच्याला चिकटलेलाच नाही, उभ्या दिशेला मोकळा तरंगतोय. पृष्ठ एकदाच काढा, तेच दोघांना द्या. जीमेशमध्ये ओसीसी (आकार काढायचं इंजिन) वापरत असाल तर फ्रॅगमेंट कमांड मारा, सीमा एकच होते.

फुकट_सल्ला: कूलॉम्बमध्ये हे काही लागत नाही.

कराडचा_पोरगा: चालला! पण सरकणं उजव्या हाताचं (फॉल्टपलीकडची बाजू उजवीकडे) दिसतंय. १९६७ च्या भूकंपाचं डाव्या हाताचं ना?

काळा_कातळ: डाव्याच. स्लिपचं (सरकण्याचं) चिन्ह बघा, पायलिथमध्ये डावीकडचं धन.