सीमाभाग, सीमांत की शिवेवरचा?

तळटीप : पश्चिम जर्मनीच्या प्रादेशिक नियोजनावरील एका लेखाचा अनुवाद करताना 'त्सोनेनरांटगेबीट' या शब्दापाशी अडलो आहे. पूर्व जर्मनी आणि चेकोस्लोव्हाकियाच्या सीमेलगतचा, बाल्टिक किनाऱ्यापासून पासाऊपर्यंतचा, सुमारे ४० किलोमीटर रुंदीचा हा पट्टा. युद्धानंतर पलीकडच्या बाजारपेठा तुटल्याने तो मागे पडला, म्हणून १९७१च्या कायद्याने तेथील उद्योगांना अनुदाने आणि घसाऱ्यात विशेष सवलत मिळाली. मी 'सीमाभाग' लिहिले होते. संपादकांनी ते खोडून 'सीमांत प्रदेश' केले. आपले काय मत आहे?

घसारा : 'सीमांत' नको. सीमांत उपयोगिता, सीमांत शेतकरी असे वाचत आलेल्या माणसाला हा प्रदेश एक हेक्टरच्या आतला वाटेल.

निपाणीकर : 'सीमाभाग'ही बिनधोक नाही. आमच्या घरी हा शब्द 'प्रश्न' या शब्दाला जोडूनच ऐकू येई. १ नोव्हेंबर १९५६च्या राज्य पुनर्रचनेनंतर तो भूगोलाचा राहिला नाही, गाऱ्हाण्याचा झाला. मात्र बॉनचे, म्हणजे पश्चिम जर्मनीचे, सरकार पूर्व जर्मनीला परका देश मानत नव्हते, त्यामुळे मान्य नसलेल्या रेषेसाठी तोच शब्द शोभतो, असेही मला वाटते.

व्युत्पत्ती : 'सरहद्द' कोणी सुचवण्याआधीच सांगतो, तो फारसीतून आला आहे. आपल्याकडे 'सीमा'पासून झालेला 'शीव' हा सुंदर शब्द असताना उसनवारी कशाला?

घसारा : पोलीस ठाण्याची हद्द रोज बोलणाऱ्या मराठी माणसाला आपण शिवेवर उभे करणार का? आणि शीव म्हटले की मुंबईकराला लोकल आठवते.

तळटीप : ही आठवण माझ्या कामाची आहे. मुंबई आणि साष्टी यांच्यामधली ती शीव आज शहराच्या पोटात आहे. या जर्मन पट्ट्यातल्या कासेल शहराचेही तेच झाले: ३ ऑक्टोबर १९९० रोजी देश एक झाला आणि काठावरचे शहर जवळजवळ मध्यावर आले. १९९४ अखेर सवलतीही संपल्या. तेव्हा माझी खरी अडचण अशी, की ज्या प्रदेशाची सीमाच गेली, त्याला लेखाच्या उत्तरार्धात काय म्हणावे?

निपाणीकर : 'पूर्वाश्रमीचा सीमाभाग' म्हणा. आम्हाला ते लिहायला मिळेल तेव्हा मिळेल.

जुनी वही : आमच्या आजीच्या गावी वरात शिवेवर आली की नारळ फोडत. 'शिवार' हा शब्दही त्या शिवेवरूनच आला असणार.

व्युत्पत्ती : ध्वनिसाम्याला व्युत्पत्ती म्हणू नये. उद्या 'शिवण'ही तिथलीच म्हणाल.

जुनी वही : का नाही? दोन काठ जोडते ती शिवण.

घसारा : मग कासेलसाठी 'शिवण' हाच शब्द घ्या.

व्युत्पत्ती : 'शिवण'चे मूळ 'सिव्' या धातूत आहे आणि तिचा शिवेशी काडीचाही संबंध नाही. हे आधी मान्य झाल्याशिवाय मी पुढे बोलणार नाही.