मदत हवी आहे : घरात फोन एकच, मग मुलाचा सोशल मीडियाचा वेळ मोजायचा कसा?

नमस्कार मंडळी. देवगड-मालवण पट्ट्यातल्या आठवीच्या मुलांच्या सोशल मीडिया वापराची आणि झोपेची दहावीपर्यंत नोंद ठेवायची आहे. एकदाच पाहणी केली तर मोबाइलमुळे झोप उडाली की झोप येत नाही म्हणून मोबाइल हातात आला, हे कळत नाही. म्हणून तीच मुलं, दर सहा महिन्यांनी. सोशल मीडियाचं व्यसन मोजणारी बर्गेन प्रश्नावली (६ प्रश्न, प्रत्येकी १ ते ५ गुण) आणि झोपेची वेळ, एवढं ठरलंय.

घोडं अडलंय तासांवर. मुलं तोंडी सांगतात तो आकडा भरवशाचा नसतो. अँड्रॉइडच्या ‘डिजिटल वेलबीइंग’मध्ये ॲपवार वेळ दिसतो, पण आईने पाहिलेली रीलही मुलाच्या खात्यात जमा होते. शिवाय रोजचा दीड जीबी डेटा रात्री १२ ला बाद होतो. उरलेला वाया जाऊ नये म्हणून मुलं साडेअकराला रील उघडून बसतात. झोपेला खरा फटका तिथे बसतो आणि दिवसाच्या बेरजेत तो दिसतच नाही. गणपतीत चाकरमानी आले की सगळेच आकडे फुगतात, तो महिना वगळतोय.

सामायिक फोनवर एका मुलाचा वेळ वेगळा कसा काढता? प्रश्नावलीचं तपासून घेतलेलं मराठी रूप कोणाकडे आहे का? आणि मधेच मुंबई-पुण्याला गेलेली मुलं नोंदीतून गळू नयेत, यासाठी काय करता?