स्वस्त कोटेशन नेमकं कशामुळे स्वस्त? (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

सी-४०२: मंडळी, गाडीची पॉलिसी महिनाअखेरीस संपतेय. ऑनलाइन बघितलं तर दोन कंपन्यांच्या आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक. स्वस्तवाली घेऊ का?

ए-१०१: बिनधास्त घ्या. मी दरवर्षी सगळ्यात स्वस्त असेल तीच घेतो. आजवर काडीचा त्रास नाही.

बी-३०४: काका, कधी क्लेम केलाय?

ए-१०१: नाही बुवा, तशी वेळच आली नाही.

बी-३०४: मग त्रास होणार कुठून 😄

बी-३०४: सी-४०२, थर्ड पार्टीचा (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा) हप्ता सरकार ठरवतं, तो सगळीकडे सारखाच. फरक पडतो तो ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या भागात. दोन्ही कोटेशनचे स्क्रीनशॉट टाका.

सी-४०२: 📷 📷

बी-३०४: झूम करून बघा. स्वस्तवालीत आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, जवळजवळ २० टक्क्यांनी खाली आणलाय. गाडी चोरीला गेली किंवा टोटल लॉस झाली तर तेवढ्याच रकमेवर हिशोब होणार. झिरो डेप (पार्टवर घसारा न कापण्याचं जादा कव्हर) काढून टाकलंय. आणि तळाशी बारीक अक्षरात व्हॉलंटरी डिडक्टिबलला टिक आहे, म्हणजे प्रत्येक क्लेमला तेवढी रक्कम तुमच्या खिशातून. तिन्ही गोष्टी दोन्हीकडे सारख्या करा, मग आकडे बघा.

डी-२०३: झिरो डेप सोडू नका हो. आम्हाला मागून एकाने ठोकलं, बंपर आणि टेललाइट गेले. प्लास्टिकच्या पार्टला ५० टक्के घसारा कापतात, रबर, टायर, बॅटरीलाही तेच. बिल बघून ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. काच तेवढी पूर्ण मिळते.

सी-४०२: पण वहिनी, माझी गाडी जुनी आहे, मिळेल का?

बी-३०४: कंपनीगणिक वयाची मर्यादा वेगळी. बऱ्याच ठिकाणी ५ वर्षांपर्यंत, काही त्यापुढेही देतात. विचारून घ्या.

ए-५०१: क्लेम सेटलमेंट रेशो (कंपनीने किती टक्के क्लेम मिटवले) बघा ना सरळ. जाहिरातीत ९८ टक्के वगैरे असतो.

बी-३०४: त्यावर माझा फार भरवसा नाही. निम्मे पैसे कापून मिटवलेला क्लेमही त्यात सेटल म्हणूनच धरला जातो. त्यापेक्षा तुम्ही गाडी जिथे देता तिथल्या बॉडीशॉपमधल्या माणसाला विचारा. कोणाचा सर्व्हेअर वेळेवर येतो, कोणाचं अप्रूव्हल अडकून पडतं, हे त्याला तोंडपाठ असतं, कारण गाडी त्याच्याच दारात उभी राहते. आणि ते गॅरेज कंपनीच्या कॅशलेस यादीत (जिथे बिल कंपनी थेट गॅरेजला देते) आहे का, तेही आत्ताच बघा.

ए-१०१: कंपनी बदलली तर माझा ५० टक्के एनसीबी (क्लेम न घेतल्याबद्दलची हप्त्यातली सूट) बुडेल ना? म्हणून विचारतो.

बी-३०४: नाही काका. एनसीबी तुमचा, कंपनीचा नाही. फक्त पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तर जातो. आणि क्लेम घेतलेला असताना ‘नाही घेतला’ असं लिहू नका. नवी कंपनी जुनीकडून खातरजमा करते, ऐन क्लेमच्या वेळी अंगाशी येतं.

डी-२०३: बेसमेंटवाल्यांनी इंजिन प्रोटेक्टच्या जादा कव्हरचंही बघा. पाणी शिरलेलं असताना सेल्फ मारला आणि इंजिन गेलं तर साध्या पॉलिसीत ते बसत नाही.

ए-५०१: आणि क्लेम अडवला तर?

बी-३०४: आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी. तिथे दाद नाही लागली तर आयआरडीएआयचं (विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाचं) बिमा भरोसा पोर्टल, नाहीतर विमा लोकपाल. लोकपालाकडे फी लागत नाही.

सी-४०२: आयडीव्ही सारखा केला, टिक काढली, झिरो डेप टाकलं. फरक अगदीच किरकोळ राहिला 🙏 आता गॅरेजवाल्याला विचारून ठरवतो.

सेक्रेटरी: स्क्रीनशॉटमध्ये गाडीचा आणि फोनचा नंबर दिसतोय, काढून टाका.

सी-४०२: डिलीट केले.

ए-१०१: बी-३०४, संध्याकाळी आहेस का घरी? माझी पॉलिसी घेऊन येतो.